भूकंप व मुंबईतील सार्वजनिक वास्तू
भूकंपात इमारती, जलतरण तलाव, पाण्याच्या टाक्या इ. बांधकामांची होणारी हानी ही धक्क्याची तीव्रता, बांधकामाखालील जमीन, बांधणीचा प्रकार आणि त्याची निगा यांवर अवलंबून असते. मुंबईच्या दक्षिण व मध्य भागांत जमीन व बांधणी यांत फार विविधता आहे. त्यामुळे एकाच धक्क्याचा परिणाम गिरगाव, लालबाग, परळ व दादर येथे सारखाच होईल, असे नाही.

भूकंपप्रवणता : भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधील आवृत्तीत मुंबईचा समावेश तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर येथे झालेल्या भूकंपाचे धक्के सु. २०० किमी. दूर असलेल्या मुंबईतही जाणवले. २६ जानेवारी २००१ रोजीच्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून २०० किमी.हून दूर असलेल्या अहमदाबादमधील अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी पुष्कळांच्या तळमजल्यावर वाहनांसाठी जागा मोकळी ठेवल्याने तेथे भिंती नव्हत्या. हा भूकंप कोयनेच्या भूकंपापेक्षा बराच मोठा होता. तथापि केवळ अंतर ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

जमीन : मुंबई बेट हे मूळच्या सात बेटांमधील खाड्या व दलदली बुजवून तयार झाले आहे. काही ठिकाणी बेसाल्ट खडक वरच आढळतो, तर काही ठिकाणी मऊ सागरी चिखल व भराव आहे. मऊ थरांत कंपने वर्धित होतात. पाण्याने संपृक्त सैल वाळू तीव्र कंपनांत काही काळ द्रवासारखी वागते व तीवरील बांधकाम खचते किंवा कलते.

इमारती : गिरगाव, लालबाग, परळ इ. भागांतील जुन्या चाळींत लाकडी सांगाडा व विटांच्या भिंती असा प्रकार पुष्कळ आढळतो. लाकडी सांगाडा लवचिक असल्याने काही प्रमाणात धक्का सोसतो. परंतु पावसाने तुळयांची टोके कुजली, की सांधे सुटतात व सज्जे प्रथम ढासळतात. वरळी, नायगाव, शिवडी व परळ येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात प्रबलित काँक्रीटमध्ये बांधल्या गेल्या. अशा बांधकामांत खाऱ्या हवेने सळया गंजल्यास त्यांवरील काँक्रीट फुटते. अशी हानी धक्क्यापूर्वीच झालेली असते. भूकंप ती फक्त उघड करतो.

जलतरण तलाव : दादरच्या शिवाजी पार्कजवळील महात्मा गांधी स्मारक तलाव व गिरगाव चौपाटीजवळील मफतलाल बाथ ही मुंबईतील जलतरण तलावांची परिचित उदाहरणे होत. तलावातील पाण्याचा तळाजवळचा भाग भिंतींबरोबर हलतो, तर पृष्ठभागाजवळचे पाणी स्वतंत्रपणे हिंदकळते. ५० मी. लांब व २ मी. खोल तलावातील पाण्याच्या लांबीच्या दिशेतील हिंदकळण्याचा आवर्तकाल सु. २२ सेकंद भरतो. तीन-चार मजली इमारतीचा आवर्तकाल मात्र अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. म्हणून दूरच्या मोठ्या भूकंपाच्या मंद लाटांनी घरे फारशी न हलताही तलाव हिंदकळू शकतो. १९६४ च्या अलास्का भूकंपात टेक्सस व लुइझिअ‍ॅना येथील तलावांत असे घडले. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील भूकंपाच्या वेळी सु. १,००० किमी. दूरच्या बँकॉकमध्ये उंच इमारतींच्या छतांवरील तलावांचे पाणी खाली कोसळले. जमिनीतील तलावाला भिंतींच्या भेगा, नळांचे सांधे निखळणे हे धोके असतात. रिकामा तलाव भूजलाच्या दाबाने वर उचलला जाऊ शकतो.

उपाय : रुग्णालये, शाळा व अग्निशमन केंद्रे ही भूकंपानंतर प्रथम उपयोगी पडणारी ठिकाणे होत. त्यामुळे त्यांच्या खांबांची व सांध्यांची तपासणी, गंजलेल्या सळयांची दुरुस्ती आणि भिंतींना व मजल्यांना परस्परांशी बांधून घेणे यांस अग्रक्रम द्यावा लागतो. १९९५ च्या कोबे भूकंपात जलवाहिन्या फुटल्याने आगी विझविण्यास पाणी अपुरे पडले. जपानमध्ये शाळांचे तलाव अग्निशमनाचा जलसाठा म्हणूनही राखले जातात. सुस्थितीतील तलाव हा मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरातही असाच राखीव साठा ठरू शकतो.