खेळायची फी भरली, पण वेळेचं काय?

फुटबॉल बघणाऱ्यांना कावासाकी हे शहर फ्रोंताले क्लबमुळे माहीत असतं. या क्लबचे बरेच नावाजलेले खेळाडू आधी विद्यापीठात खेळले. केंगो नाकामुरा चुओ विद्यापीठातून आला. काओरू मितोमा तर कावासाकीतच वाढला. फ्रोंतालेच्या अकादमीत शिकून त्यानं व्यावसायिक करार बाजूला ठेवला, त्सुकुबा विद्यापीठ गाठलं आणि २०२० मध्ये व्यावसायिक खेळाडू म्हणून फ्रोंतालेत आला. थोडक्यात, जपानमध्ये विद्यापीठातल्या खेळातून पुढे वाट निघते. पण ती वाट परवडते कुणाला?

शहराच्या तामा भागात सेन्शू आणि मेइजी या दोन्ही विद्यापीठांचे इकुता कॅम्पस आहेत. जपानमधल्या इतर विद्यापीठांसारखेच इथेही खेळायचे साधारण दोन मार्ग. एक ‘ताइइकुकाई’, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत संघ: कडक शिस्त, आठवड्यातले बहुतेक दिवस सराव. दुसरा ‘सर्कल’, म्हणजे मुलामुलींनी चालवलेला हौशी गट. वर्गणी दोन्हीकडे असते. संघात त्यावर किट, प्रवास आणि सुट्टीतली शिबिरं यांचा खर्च चढतो.

मग सरकारी मदत? एप्रिल २०२० पासून कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत आणि परत न करायची शिष्यवृत्ती मिळते. खासगी विद्यापीठात, घराबाहेर राहणाऱ्याला ही शिष्यवृत्ती महिन्याला जास्तीत जास्त ७५,८०० येन. मदत मोठी आहे, पण ती शिक्षण आणि जगण्यासाठी. भाडं आणि जेवण यातच ती संपते. वरचा खर्च भागवायला ‘बाइतो’, म्हणजे पार्टटाइम काम, करावंच लागतं.

खरी मेख इथे आहे. कानागावा प्रांतात ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान वेतन तासाला १,१६२ येन झालं. समजा, सरावामुळे आठवड्याला कामाचे १० तास बुडाले. चार आठवड्यांत गेले ४६,४८० येन! वर्गणी माफ केली तरी हा खड्डा भरत नाही. गरीब विद्यार्थी संघ सोडतो तेव्हा बाहेरून वाटतं, ‘त्याला आवड नव्हती.’ खरं तर त्याचं गणित जुळत नव्हतं.

आपल्यासारख्या ‘विद्यार्थी’ व्हिसावाल्यांना ही सरकारी योजना लागू नाही. शिवाय परवानगी घेऊनही सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासच काम करता येतं. एका संध्याकाळची शिफ्ट बुडाली, की ती भरून काढायला जागा कमीच.

म्हणून मदत दोन बाजूंनी हवी. पहिली सोपी: वर्गणी हप्त्यानं, जुन्या किटचा साठा, प्रवासासाठी छोटा निधी. आणि या गोष्टी सगळ्यांसाठी ठेवायच्या, म्हणजे कुणाला ‘मी गरीब’ असं हात वर करून सांगावं लागत नाही. दुसरी वेळेची. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ रुजलं. तिथे मुलाचं काम शिक्षणाच्या आड आलं नाही, त्याच्या सोबतीनं चाललं. तेच खेळात करता येईल: मैदानाची देखभाल, जिमचा काउंटर, सामन्यांची नोंद अशी पगारी कामं सरावाच्या आगेमागे, कॅम्पसवरच.

तुम्ही जगात कुठेही शिकत असाल, तुमच्या क्लबच्या पुढच्या मीटिंगमध्ये ‘फी किती?’ सोबत आणखी एक प्रश्न विचारा: सराव कुणाच्या शिफ्टच्या वेळी ठेवलाय? वेळ बदलायला बहुतेक वेळा एक येनही लागत नाही.