झीरो पीसीबी, बारीक तार आणि थोडा संयम

प्रतापगडसारख्या गावात सर्किटचा नाद असेल तर पीसीबी मागवून वाट बघण्यात मजा नाही. बांधीवरच्या मोटारीचा टायमर असो की टाकी भरल्याचा बझर, झीरो पीसीबी आणि सोल्डरिंग आयर्न पुरतं. ब्रेडबोर्ड फक्त चाचणीपुरता. हादऱ्यानं त्यातल्या जोडण्या सुटतात.

माझी आवडती पद्धत म्हणजे बोर्डाच्या मागून 0.2 मिमीच्या आसपासची एनॅमलची तार ओढणं. तारा एकमेकींवरून गेल्या तरी शॉर्ट होत नाही. पॉलियुरेथेन लेपाची घ्या: तापलेल्या टोकावर सोल्डरसोबत क्षणभर धरली की लेप जळतो, तांबं सोल्डर धरतं. (धूर नाकात नको, खिडकी उघडा.) मोटर रिवायंडिंगवाल्याकडची तार सहज मिळते, पण तिचा लेप बहुधा उष्णता सोसणारा असतो, ब्लेडनं खरवडावा लागतो. रिलेच्या 230 व्होल्टच्या बाजूला मात्र ही तार अजिबात नको. तिथे जाड पीव्हीसी वायरच.

वायर रॅप ही जुनी, देखणी पद्धत. सोल्डर नाहीच. चौकोनी पिनेवर 30 गेजची तार ताणून सहा-सात वेढे घ्यायचे; पिनेचे कोपरे तारेत रुततात आणि जोड घट्ट बसतो. अपोलो यानातल्या संगणकात अशाच जोडण्या होत्या.

आणि हो, मागून बघताना आयसीच्या पिना उलट्या क्रमानं येतात. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांजवळ 104 चा कपॅसिटर लावाच.