डाळिंबाची साल, गंजलेला खिळा आणि ईदचे पत्र

रमजानमध्ये इफ्तारनंतर घरातला केराचा डबा रोजच्यापेक्षा लवकर भरतो. डाळिंबाच्या साली, भज्यांसाठी चिरलेल्या कांद्यांची टरफले, चहाचा चोथा. सकाळी घंटागाडी आली की हे सगळे जाते. त्याच आठवड्यात आपण दुकानातून रंग, स्केचपेन आणि चमकी आणतो, कारण मुलांना ईदची शुभेच्छापत्रे करायची असतात. ज्या घराला हा खर्च जड जातो, तिथले मूल ‘आमच्याकडे रंग नाहीत’ म्हणत मागे राहते. खरे तर रंग त्याच्याही घरात असतात. ते केराच्या डब्यात गेलेले असतात.

ही काही नवी युक्ती नाही. आपल्याकडच्या लिखाणाचे साहित्यच मुळात टाकाऊतून आले आहे, मग भाषा उर्दू असो वा मराठी. दौलताबाद किल्ल्याजवळच्या कागजीपुऱ्यात कागजी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद केला, तो जुन्या सुती चिंध्यांपासून. चिंध्या भिजवायच्या, चुन्यात मुरवायच्या, कुटून लगदा करायचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा आणि वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा. दौलताबादी आणि जुन्नरी कागद मराठ्यांच्या दफ्तरांत वापरला जाई. कुणाचे फाटके धोतर, कुणाची विरलेली ओढणी एकाच लगद्यात मिसळायची आणि त्यावर मोडीतला हिशेब उमटायचा.

शाईचेही तसेच. तेलाच्या दिव्यावर मातीचे भांडे उपडे धरायचे, त्यावर बसलेली काजळी खरवडायची, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात तासन्‌तास घोटायची. पोथी लिहिणारा आणि कुराणाची प्रत करणारा कातिब, दोघांचीही काळी शाई अशी काजळीचीच. दोघांच्या हातात बोरूचीच लेखणी, फक्त टोकाचा काप वेगळा. इस्तंबूलमध्ये 1557 साली पूर्ण झालेल्या सुलेमानिया मशिदीत तर वास्तुकार सिनानने दिव्यांची काजळी हवेच्या झोताबरोबर एका खोलीत गोळा होईल अशी रचना केली. त्या काजळीची शाई होत असे. भिंती काळवंडू नयेत ही गरज होती, तिच्यातूनच कातिबांची सोय झाली.

आता आपल्या घरात. दोन डाळिंबांच्या साली दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळा. पाणी आटून अर्धा कप उरले की जुन्या कापडातून गाळा. हा झाला पिवळट तपकिरी रंग. दुसरीकडे काचेच्या बाटलीत चार-पाच गंजलेले खिळे बुडतील इतके व्हिनेगर घाला आणि झाकण सैल ठेवून चार-पाच दिवस राहू द्या. हे पाणी थेंब थेंब डाळिंबाच्या काढ्यात टाकले की रंग डोळ्यांदेखत काळपट होत जातो. सालीतला तुरट अंश लोखंडाशी मिसळून हे घडते. चिमूटभर डिंक विरघळवला की शाई कागदावर फुटत नाही. दोन लवंगा टाकल्या की लवकर बुरशी धरत नाही. कांद्याच्या टरफलांच्या काढ्यात थोडी तुरटी घातली की तजेलदार पिवळा रंग मिळतो. चहाच्या चोथ्याच्या पाण्यात कोरा कागद बुडवून वाळवला की तो जुन्या पोथीच्या पानासारखा दिसतो.

उकळण्याचे आणि खिळ्यांचे काम मोठ्यांनी करावे. भांडे वेगळे ठेवावे, बाटलीवर नाव लिहावे. लोखंडाची शाई वर्षानुवर्षांत कागदाला खाते. म्हणून जपून ठेवायचा मजकूर काजळीच्या शाईनेच लिहावा, ती फिकीही पडत नाही. शाईच्या बाटलीत जुन्या रेशमी साडीच्या धाग्यांचा गुंता ठेवला, तर लेखणी हवी तेवढीच शाई उचलते. जुने कातिब आपल्या दवातीत, म्हणजे दौतीत, हेच करत.

कुराणात इसराफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत केलेली आहे. आपण हा शब्द बहुधा ताटात टाकलेल्या अन्नापुरता वापरतो. पण वस्तूत दडलेला गुण न ओळखता ती फेकणे हीसुद्धा उधळपट्टीच. शेजारच्या घरात रोजा नसेल, पण कांद्याची टरफले तिथेही असतात. या ईदला दोन्ही घरांतल्या मुलांना एका चटईवर बसवा. एकाने नस्तालीकमध्ये ‘ईद मुबारक’ लिहावे, दुसऱ्याने देवनागरीत. रंग विकत आणावे लागणार नाहीत, म्हणून मागे बसायची पाळीही कुणावर येणार नाही.