अश्रुबिंदूच्या आकाराची गाडी

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात हौशी लोक मोटारीमागे जोडावयाची, अश्रुबिंदूच्या आकाराची निजावयाची गाडी घरीच बांधू लागले. आत दोघांपुरते अंथरूण; मागील झाकण उचलले की स्वयंपाकघर! आडरानात न्यावयाची असल्यास तिची चाके मोटारीच्याच मापाची व तितक्याच अंतरावर घेतात. म्हणजे ती मोटारीच्या चाकोरीतूनच चालते. परंतु आमच्या मते खरी परीक्षा सुतारकामाची नसून तोलाची आहे. पाणी, भांडी सारे मागेच भरण्याचा मोह होतो. तसे केल्यास गाडी वेगात हेलकावे खाऊन प्रसंगी मोटारही उलटवील. यास्तव एकूण भाराचा दहावा हिस्सा तरी पुढील जोडावर पडेल अशा बेताने आस बसवितात. भरलेली गाडी ४०० किलोची असेल, तर जोडाखाली वजनकाटा ठेवून पाहावे. तो ४० हून कमी दाखवील, तर सामान पुढे सारावे.