द्रवातील श्वसन

फुप्फुसांत द्रव शिरला की प्राण जातो, हा सार्वत्रिक अनुभव; परंतु १९६६ साली अमेरिकेत लिलंड क्लार्क व फ्रँक गोलन यांनी प्राणवायूने संपृक्त केलेल्या फ्लुओरोकार्बन द्रवात उंदीर बुडविले असता ते तेथेच श्वास घेत जिवंत राहिले. १०० मिलिलिटर पाण्यात प्राणवायू जेमतेम २ ते ३ मिलिलिटर विरघळतो, या द्रवात सुमारे ५०.

खरी अडचण प्राणवायू आत नेण्याची नसून कर्बवायू बाहेर काढण्याची आहे. कारण हा द्रव पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे, केवळ छातीच्या स्नायूंच्या बळावर तो पुरेशा वेगाने आतबाहेर खेळविणे मनुष्यास दुष्कर ठरते, आणि कर्बवायू साचून रक्ताची आम्लता वाढते. तेव्हा यंत्राची ताबेदारी आलीच. खोल पाण्यात उतरणाऱ्यांना या विद्येचे आकर्षण वाटते ते मात्र उगीच नव्हे, कारण नायट्रोजन रक्तात मुरण्याचे भय तीत उरत नाही.

१९८९ साली फिलाडेल्फियात अत्यवस्थ अकालजात अर्भकांवर हा उपाय योजला गेला. फुप्फुसांचे कार्य काहीसे सुधारले, तथापि अर्भके दगावली. प्रौढ रुग्णांवरील, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर फुप्फुसे अंशतः द्रवाने भरल्याने लाभ दिसला नाहीच, उलट फुप्फुसाबाहेर हवा साचणे, प्राणवायू घटणे व रक्तदाब ढासळणे हे प्रकार अधिक आढळले.