वळणाऱ्याच्या हाताची चव

उत्तम हवाना सिगारच्या पोटात तंबाखूच्या रोपाची तीन वेगवेगळ्या उंचींवरची पानं असतात. खालच्या भागातलं ‘वोलादो’ चटकन पेटतं, त्याला चव मात्र बेताचीच. मधलं ‘सेको’ सुवास देतं. शेंड्याकडच्या पानांना सगळ्यात जास्त ऊन मिळतं, म्हणून तिथलं ‘लिहेरो’ जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारं. कोणतं पान किती घ्यायचं हे कारखाना ठरवतो. ते कुठे बसवायचं हे वळणाऱ्याची बोटं ठरवतात. लिहेरो नेमकं मधोमध हवं. ते कडेला सरकलं की सिगार एका अंगाने भराभर जळत जाते आणि दुसरं अंग तसंच राहतं. माझ्या मते सिगार चाखणं म्हणजे धुरातून या बोटांचा माग काढणं.

क्यूबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतातल्या व्हुएल्ता आबाहो पट्ट्यात या पानांची सर्वांत नावाजलेली शेती आहे. बाहेरच्या वेष्टनाचं पान, म्हणजे ‘कापा’, तलम कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. उन्हाचा मारा कमी झाला की पान मोठं, पातळ आणि रेशमासारखं होतं. काढलेली पानं लाकडी कोठारात टांगून आठवडेच्या आठवडे वाऱ्यावर वाळवतात आणि मग त्यांच्या गंजी रचतात. गंजी आतून तापते, पान आंबतं, अमोनिया उडून जातो. या टप्प्यावर घाई झालेली सिगार पहिल्याच झुरक्याला नाकात झोंबते, आणि पुढे कितीही कुशल हात लागला तरी तो दोष झाकला जात नाही.

पानाची मधली जाड शीर ओढून काढायचं काम परंपरेने बायकांचं. पान मांडीवर पसरून त्या ते करत आल्या. हवानाच्या सिगारी मांडीवर वळतात, ही जगभर पसरलेली दंतकथा बहुधा त्यातूनच निघाली असावी. वळणारा कारागीर, ‘तोर्सेदोर’, बसतो लाकडी फळीपुढे. त्याचं मुख्य हत्यार ‘चावेता’, म्हणजे मूठ नसलेलं, अर्धगोल धारेचं पातं. तळहातात पोटाची पानं गोळा करताना तो प्रत्येक पान सैलसर दुमडतो, म्हणजे धुराला वाट राहते. पानं जास्त दाबली तर ओढताना गाल दुखतात, कमी भरली तर धूर गरम आणि कडवट येतो. ही जुडी तो ‘कापोते’ नावाच्या बांधणीच्या पानात गुंडाळतो, साच्यात दाबून ठेवतो आणि शेवटी कापा चढवतो. शीर काढली की कापाचे दोन अर्धे भाग होतात, डावा आणि उजवा. ते एकमेकांच्या उलट दिशेने गुंडाळावे लागतात, नाहीतर पानाच्या शिरा वर उठून दिसतात. टोकाची टोपी बेचव वनस्पतिज डिंकाने चिकटते.

हे सगळं चालू असताना कुणीतरी मोठ्याने वाचत असतं. १८६५ साली हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात ही प्रथा सुरू झाली. वाचकाचा पगार कामगार आपल्या खिशातून भरत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश वसाहती सरकारने वाचनावर बंदी घातली, कारण वर्तमानपत्र ऐकणारा कामगार प्रश्न विचारू लागतो. प्रथा तरीही टिकली. ‘मोंतेक्रिस्तो’ हे सिगारचं नाव आलं ते फ्रेंच लेखक द्यूमाच्या कादंबरीवरून, आणि ती कामगारांची लाडकी होती असं सांगतात. हवानाच्या या कामगारांबद्दल लिहिताना मला सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया आठवतात. त्यांची मजुरी आजही हजार विड्यांमागे मोजतात. हात तितकेच कुशल, पण त्यांच्या कसबाला जगाने ‘प्रीमियम’ म्हटलं नाही, याची मला चीड येते.

आता चाखण्याकडे. ‘पार्तागास सेरिये डी नंबर ४’ घ्या. १२४ मिलिमीटर लांब, सुमारे २० मिलिमीटर जाड. टोपीचा अगदी थोडा भाग कापा, खोल कापलं तर वेष्टनाचं पान उलगडतं. न पेटवता एकदा ओढून बघा. हवा किती सहज येते त्यावरून आतली भरण कळते. पेटवताना पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पानात बसतो. काडी किंवा सीडरच्या लाकडाची पातळ पट्टी धरा, ज्योत टोकाला न टेकवता सिगार फिरवत राहा. धूर छातीत घ्यायचा नाही. अर्थात त्याने धोका टळत नाही: तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनेही होतो, हे चवीचं कौतुक करणाऱ्यानेही स्पष्ट सांगितलं पाहिजे.

मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाई केली की निखारा तापतो आणि सगळं कडू होतं. थोडा धूर नाकातून सोडा, कारण जिभेला ढोबळ चवीच कळतात. कोको, मिरी, चामडं, भाजलेले दाणे यांची ओळख नाकालाच पटते. पहिल्या तृतीयांशात चव कोरडी, लाकडासारखी असते. मध्यावर ती भरते. शेवटी कडक होते, कारण आधीच्या धुरातली तेलं उरलेल्या पानांत साठत जातात. राख लांब टिकली तर आतली पानं अखंड आहेत असं समजा. कापलेल्या तुकड्यांची राख लवकर गळते.

कारखान्यातले चाखणारे, ‘कातादोर’, हेच करतात, फक्त जास्त शिस्तीने. रोजच्या कामातून काढलेल्या सिगारी ते ओढून पाहतात आणि जळणं, ओढ, सुवास, कडकपणा यांना वेगवेगळे गुण देतात. वळलेल्या सिगारींची पन्नासाची जुडी बांधतात आणि तिच्यावर वळणाऱ्याची ओळख सांगणारी चिठ्ठी असते. त्यामुळे कुठे ओढ घट्ट निघाली तर तक्रार थेट त्या माणसाच्या फळीपर्यंत पोचते.