कोयनानगर

कोयनानगर ही महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयना धरणालगत वसलेली प्रकल्पवसाहत आहे. ती कराड–चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटाच्या पूर्वेस, हेळवाक गावाजवळ आहे. बाजारपेठ, बंदर, देवस्थान किंवा किल्ला यांच्या आश्रयाने सह्याद्रीत अनेक गावे वाढली. कोयनानगरचा जन्म मात्र १९५४ नंतर सुरू झालेल्या जलविद्युत प्रकल्पाच्या कामातून झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात या वसाहतीची मोठी हानी झाली. जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या मते त्या भूकंपाला धरणाचा जलाशयच कारणीभूत ठरला. ज्या धरणाने वसाहत वसविली, त्याच धरणाच्या पाण्याशी तिच्यावरील संकटाचाही संबंध जोडला गेला, हे कोयनानगरच्या इतिहासाचे वेगळेपण आहे.

भौगोलिक स्थान

कोयना नदी महाबळेश्वर येथे उगम पावते. दख्खनच्या पठारावरील बहुतेक नद्या पूर्वेकडे वाहतात. कोयना मात्र सुरुवातीचे सुमारे ६५ किलोमीटर सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर, दक्षिणेकडे वाहते. हेळवाकपाशी ती काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कराड येथे प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. धरण या वळणाच्या किंचित वर, देशमुखवाडी येथे बांधले आहे.

या भागात वर्षाला सरासरी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळ्यात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन केंद्रांवरील पावसाचे आकडे वृत्तपत्रांत दररोज छापले जातात. या पावसावर धरणाचा साठा अवलंबून असतो आणि धरणाच्या साठ्यावर राज्याची मोठी गरज अवलंबून असते. वसाहतीभोवती दाट अरण्य आहे. जलाशयाच्या पश्चिमेकडील डोंगर १९८५ पासून कोयना अभयारण्यात, तर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट आहेत. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कोयना अभयारण्याचाही समावेश आहे.

प्रकल्पामागील कल्पना

जलविद्युत निर्मितीसाठी दोन गोष्टी लागतात: भरपूर पाणी आणि ते पडण्यासाठी पुरेशी उंची. कोयनेच्या खोऱ्यात निसर्गाने या दोन्हींची सोय केली आहे. धरणाच्या जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे. जलाशयाच्या पश्चिमेस काही किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा तुटतो आणि खाली कोकणचा सखल प्रदेश सुरू होतो. पूर्वेकडे कृष्णेच्या दिशेने नदीचा उतार मंद आहे. पश्चिमेकडे तेच पाणी बोगद्यातून नेल्यास सुमारे ४७५ मीटरचा शीर्ष मिळतो. म्हणूनच बंगालच्या उपसागराकडे जाणारे पाणी डोंगर पोखरून अरबी समुद्राकडे वळविण्याची योजना आखली गेली.

ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी टाटा उद्योगसमूहाने पुढे आणली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या आर्थिक अडचणींमुळे ती मागे पडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ती स्वीकारली आणि मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, १९५४ मध्ये कामाचा आरंभ झाला. प्रकल्पासाठी जागतिक बँकेचे कर्जही घेण्यात आले.

वसाहतीची उभारणी

काम सुरू झाले तेव्हा हे खोरे दुर्गम होते. रस्ते मोजके होते आणि पावसाळ्यातील चार महिने बांधकाम जवळजवळ थांबवावे लागे. अभियंते, बोगदे खोदणारे कामगार, गवंडी, यंत्रचालक आणि त्यांची कुटुंबे यांच्या निवासासाठी घरे उभारणे ही धरणाइतकीच तातडीची गरज होती. त्यातून कोयनानगरची वसाहत आकाराला आली.

प्रकल्पाच्या रचनेमुळे ही वसाहत एका जागी न राहता घाटाच्या वर आणि खाली अशी विभागली गेली. धरण घाटमाथ्यावर, तर वीजगृह कोकणच्या बाजूस डोंगराच्या पोटात. त्यामुळे चिपळूण तालुक्यात पोफळी येथे वीजगृहाची वसाहत उभी राहिली. पुढे तिसऱ्या टप्प्यासाठी अलोरे येथेही वसाहत वाढली. या वस्त्यांना कुंभार्ली घाटाचा रस्ता जोडतो. प्रशासकीयदृष्ट्या त्या दोन जिल्ह्यांत मोडत असल्या, तरी त्यांचा उदरनिर्वाह एकाच प्रकल्पावर अवलंबून राहिला.

धरण आणि वीजनिर्मितीचे टप्पे

कोयना धरण दगडी काँक्रीटचे असून त्याची उंची सुमारे १०३ मीटर आणि लांबी सुमारे ८०८ मीटर आहे. सांडव्याला सहा वक्राकार दरवाजे आहेत. जलाशयाला शिवसागर म्हणतात. त्याची लांबी सुमारे ५० किलोमीटर असून दरवाजांची उंची वाढविल्यानंतर साठवणक्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट झाली. बोलीत या एककाला टीएमसी म्हणतात.

प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट असून ती पुढीलप्रमाणे विभागली आहे:

पहिला व दुसरा टप्पा – ६०० मेगावॅट. नवजाजवळ जलाशयातून घेतलेले पाणी बोगद्याने पोफळीच्या भूमिगत वीजगृहात येते. १९६२ मध्ये येथून वीजनिर्मिती सुरू झाली.

तिसरा टप्पा – ३२० मेगावॅट. पहिल्या दोन टप्प्यांत वापरलेले पाणी कोळकेवाडी धरणात अडवून त्यावर पुन्हा वीज निर्माण केली जाते. त्यानंतर ते वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते.

चौथा टप्पा – १,००० मेगावॅट. विजेची मागणी सर्वाधिक असते त्या तासांत हे केंद्र मुख्यत्वे चालविले जाते.

धरणपायथा वीजगृह – ४० मेगावॅट. सिंचनासाठी पूर्वेकडे सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर ते चालते.

चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी भारतातील पहिला ‘लेक टॅपिंग’चा प्रयोग कोयनेत झाला. भरलेल्या जलाशयाच्या तळाखाली बोगदा खणत न्यायचा, तळाशी खडकाचा पातळ थर शिल्लक ठेवायचा आणि शेवटी तो सुरुंगाने उडवून बोगद्यात पाणी घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. तीमुळे जलाशय रिकामा करावा लागत नाही. २५ एप्रिल २०१२ रोजी हा प्रयोग दुसऱ्यांदा यशस्वी झाला. वीजकेंद्रे महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी (महानिर्मिती) चालविते, तर धरण जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहे.

१९६७ चा भूकंप

जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर काही काळातच परिसरात लहान धक्के जाणवू लागले. जमिनीखालून गडगडाट ऐकू येई. त्या काळी दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते. सप्टेंबर १९६७ मध्ये एक मोठा धक्का बसला आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, लोक झोपेत असताना, ६.३ ते ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० ते २०० लोक मृत्युमुखी पडले आणि दीड हजारांहून अधिक जखमी झाले. कोयनानगरमधील ८० टक्क्यांहून अधिक घरांची हानी झाली. हादरे मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवले.

धरण टिकले. त्याच्या उंच भागांना, जेथे पाठीकडील उतार बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या; त्या बुजविण्यात आल्या आणि पुढे धरणाला मागून आधार देऊन ते बळकट करण्यात आले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण नंतरच्या काळात झाले. धरणात बसविलेल्या उपकरणाने या भूकंपाच्या त्वरणाचा आलेख नोंदविला. धरणाच्या आराखड्यात गृहीत धरलेल्या मूल्यापेक्षा प्रत्यक्ष त्वरण कित्येक पटींनी जास्त होते. भूकंपात काँक्रीटचे धरण कसे वागते, हे तपासण्यासाठी हा आलेख आजही जगभर वापरला जातो.

जलाशय आणि भूकंप यांचा संबंध

जलाशयामुळे भूकंप ‘निर्माण’ होतो, असे म्हणणे अचूक नाही. खडकांत आधीपासून ताण साठलेला असावा लागतो. जलाशय दोन प्रकारे तो ताण मोकळा होण्यास निमित्त ठरतो. एक, साठलेल्या पाण्याचे वजन खालच्या खडकांवर पडते. दोन, पाणी भेगांतून खोल झिरपते आणि तेथील छिद्रांतील दाब वाढवते. त्यामुळे प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंमधील घर्षण कमी होऊन त्या सरकू शकतात. कोयना परिसरातील धक्के पावसाळ्यात पातळी वाढल्यानंतर आणि पुढे हिवाळ्यात अधिक आढळतात. १९८५ नंतर जवळच्या वारणा जलाशयात पाणी साठू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही विस्तारले.

चीनमधील शिनफेंगजियांग, आफ्रिकेतील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या जलाशयांजवळही असे भूकंप झाले आहेत. त्या सर्वांत कोयनेचा भूकंप सर्वांत मोठा मानला जातो. भारताच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात या परिसराचा समावेश पुढे चौथ्या क्षेत्रात करण्यात आला. कराड येथे केंद्र शासनाची भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा असून तिने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेतले. बेसाल्टचा थर तेथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा असून त्याखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक आहे. भूकंपाचे उगमस्थान या खालच्या खडकात असल्याने तेथपर्यंत पोहोचून प्रत्यक्ष निरीक्षण करणे हा या कामाचा हेतू आहे.

विस्थापन

शिवसागरात जावळी आणि पाटण तालुक्यांतील अनेक गावे पूर्णतः वा अंशतः बुडाली. हे विस्थापन झाले तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. पहिला कायदा १९७६ मध्ये आला. विस्थापितांची पांगापांग सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड आणि ठाणे या जिल्ह्यांत झाली. अतिवृष्टीच्या डोंगरात भात आणि नाचणी पिकविणाऱ्या कुटुंबांना काही ठिकाणी कोरडवाहू माळरानावर नव्याने आरंभ करावा लागला. अनेकांना पर्यायी जमिनीसाठी पुढील पिढीपर्यंत वाट पाहावी लागली. श्रमिक मुक्ती दलाच्या पुढाकाराने, भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली, या प्रश्नावर दीर्घकाळ लढा चालला. २०१८ मध्ये प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगर येथेच अनेक दिवस ठिय्या दिला. धरण होऊन अर्धशतक उलटल्यावरही ही मागणी कायम होती.

जे लोक जलाशयाच्या वरच्या अंगाला, काठावर राहिले, त्यांच्यासाठी जुन्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. बामणोली आणि तापोळा परिसरात पलीकडच्या गावांशी दळणवळण लाँचने चालते.

पाण्याचे वाटप

कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळविले की ते कृष्णा खोऱ्याला परत मिळत नाही. त्यामुळे कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत आयोग) वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे नेता येईल अशा पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. उरलेले पाणी पूर्वेकडे सोडले जाते. ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमार्फत ते सांगली व लगतच्या जिल्ह्यांतील अवर्षणग्रस्त भागांपर्यंत पोहोचते. पाऊस कमी झालेल्या वर्षी वीज की शेती, हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहतो.

अन्य धरणवसाहती

विदर्भात पेंच नदीवरील तोतलाडोह येथे १६० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. ते अरण्याच्या मध्यभागी असल्याने, धरणाच्या कामासाठी आलेल्या मजुरांची वस्ती पुढे हटविण्यात आली. कॅनडाच्या लॅब्राडोर प्रदेशातील चर्चिल फॉल्स ही उपध्रुवीय वसाहत तर संपूर्णपणे वीज कंपनीच चालविते. तेथील बहुतांश वीज १९६९ च्या दीर्घ मुदतीच्या करारानुसार शेजारच्या क्वेबेक प्रांताला जाते आणि जलाशयाखाली इन्नू या आदिवासी समाजाची भूमी गेली. हवामान आणि भूगोल निराळे असले, तरी वीज दूरच्या शहरांना आणि धरणाचा भार स्थानिकांना, ही विभागणी दोन्हीकडे सारखी आहे.

सद्यःस्थिती

बांधकामाचा काळ संपल्यावर कोयनानगरातील कामगारांची संख्या घटली. आज देखभालीवरील कर्मचारी, व्यापारी, परिसरातील ग्रामस्थ आणि पर्यटक यांवर येथील व्यवहार चालतात. नेहरू उद्यान आणि नवजाजवळील ओझर्डे धबधबा ही आकर्षणस्थळे आहेत. राज्यातील विजेच्या मागणीचा चढ-उतार सांभाळण्यात कोयनेचा वाटा मोठा असल्याने तिला ‘महाराष्ट्राची भाग्यरेखा’ म्हटले जाते. त्याच परिसरात लहान धक्क्यांची नोंद मात्र अद्यापही होत असते.